ऑनलाइन परिषदेचे वेळापत्रक आणि साडेदहा तासांचे अंतर

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

महाविद्यालये, मुक्त सॉफ्टवेअरचे गट, परदेशातली मराठी मंडळे यांच्या ऑनलाइन कार्यक्रमांची निवेदने वृत्तपत्रांत नेहमी छापून येतात. त्यांत वेळ असते ती ‘शनिवारी सायंकाळी सात वाजता’ एवढीच. सात कुठले, पुण्यातले की न्यू जर्सीतले, हे वाचकाने ओळखायचे. वक्त्यांनाही बहुतेकदा असेच कळवलेले असते. मग ऐन कार्यक्रमात कुणी तासभर आधी येतो, कुणी येतच नाही, आणि खापर फुटते इंटरनेटवर. ऑनलाइन परिषदेचा खरा कस वेळापत्रकात लागतो आणि आपल्याकडे त्यावर सर्वांत कमी वेळ दिला जातो, म्हणून हे पत्र.

हे काम नीट कसे करावे, याचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला नमुना म्हणजे ईमॅक्सकॉन्फ, ही ईमॅक्स वापरणाऱ्यांची परिषद. ईमॅक्स हा संगणकावर मजकूर लिहिण्याचा आणि संपादण्याचा प्रोग्रॅम. त्याची सुरुवात १९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाली आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये त्याची जीएनयू ईमॅक्स ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. प्रोग्रॅमर तर तो वापरतातच. पण खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ऑर्ग मोड ही त्याची जोडसोय सुरू केल्यापासून टिपणे, कामाच्या याद्या, प्रबंध यांसाठीही लोक त्याकडे वळले. (देवनागरीची सोय त्यात उत्तम आहे. इनस्क्रिप्ट आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धतींनी टंकता येते, आणि २०२० सालच्या २७व्या आवृत्तीपासून हार्फबझ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमुळे जोडाक्षरेही नीट उमटतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी एकदा वापरून पाहावा.)

या प्रोग्रॅमची पहिली परिषद २०१३ मध्ये लंडनला प्रत्यक्ष भरली होती. २०१९ पासून ती दरवर्षी ऑनलाइन होते, आणि २०२० पासून नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. अलीकडच्या वर्षांत ती शनिवार-रविवार असे दोन दिवस, टोरांटोच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत चालते आणि मध्ये १२ ते १ जेवणाची सुट्टी असते. २०२२ पासून दोन दालने समांतर चालतात, एक सर्वसाधारण विषयांचे आणि दुसरे ईमॅक्सच्या अंतर्गत घडणीचे. सगळे स्वयंसेवक, प्रवेश मोफत, नोंदणीची अट नाही, आणि प्रक्षेपणापासून प्रश्नोत्तरांच्या खोल्यांपर्यंत सर्व काही मुक्त सॉफ्टवेअरवर.

मिनिटांचा हिशेब आधी मांडतो, कारण किती व्याख्याने घ्यायची हे त्यावरच ठरते. वीस मिनिटांच्या व्याख्यानाला वीस मिनिटे पुरत नाहीत. प्रश्नोत्तरांची पंधरा आणि पुढच्या वक्त्यासाठी मोकळी सोडलेली पाच मिळून चाळीस मिनिटे धरावी लागतात. सकाळच्या तीन तासांतून स्वागताची दहा मिनिटे वजा केली की १७० उरतात. त्यांत अशी चार व्याख्याने बसतात. दुपारच्या चार तासांतून समारोपाची पंधरा काढली तर २२५ मिनिटांत पाच, आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत दहा मिनिटांचे एक छोटे व्याख्यान, त्याची दहा मिनिटांची प्रश्नोत्तरे आणि पाच मिनिटे मोकळी. म्हणजे एका दालनात दिवसाला दहा. दोन दालने, दोन दिवस धरून चाळीस. पन्नास प्रस्ताव आले आणि सगळेच चांगले असले, तर आपले आयोजक प्रश्नोत्तरे छाटतात. तसे करू नये. काही वक्त्यांना वीसऐवजी दहा मिनिटांत बोलण्याची विनंती करावी. चाळीस मिनिटांच्या जागेऐवजी पंचवीसची जागा लागते, म्हणजे पाच वक्त्यांनी मान्य केले तर ७५ मिनिटे सुटतात. ऑनलाइन व्याख्यान नंतर कधीही पाहता येते; वक्ता समोर असताना विचारलेला प्रश्न मात्र तेव्हाच विचारता येतो. म्हणून प्रश्नोत्तरांना हात लावायचा नाही, ही माझ्या मते पहिली अट असावी.

आता घड्याळे. डिसेंबरात टोरांटोत सकाळचे ९ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे ६, लंडनला दुपारचे २, पॅरिस-बर्लिनला ३, भारतात संध्याकाळचे ७.३०, जपानमध्ये रात्रीचे ११ आणि सिडनीत मध्यरात्र उलटून १ वाजलेला असतो. परिषद ५ वाजता संपते तेव्हा भारतात पहाटेचे ३.३० आणि सिडनीत सकाळचे ९. यावरून व्याख्यानांचा क्रम जवळजवळ आपोआप ठरतो. भारतातल्या वक्त्याला सोयीचा भाग म्हणजे टोरांटोचे सकाळी ९ ते ११.३०, आपले ७.३० ते १०. युरोपातल्यांना दुपारी ३ पर्यंत चालते. कॅलिफोर्नियातल्यांना ११ च्या आधी बोलावू नये. ऑस्ट्रेलियातल्यांना शेवटचा तास, आणि तोही शनिवारचा. कारण टोरांटोच्या रविवारी संध्याकाळी सिडनीत सोमवार उजाडलेला असतो आणि माणसे कामावर निघालेली असतात. आपल्याकडेही शनिवारी रात्री अकरापर्यंत ताणता येते, रविवारी तसे ताणू नये.

त्यामुळे जागा भरताना विषयापासून सुरुवात केली की गाडी अडते. आधी ज्याच्या वेळेची फट सर्वांत अरुंद, त्याला बसवावे. वरच्या हिशेबाने सकाळच्या जागा दोन्ही दिवस, दोन्ही दालने मिळून फक्त सोळा. भारत आणि आशिया त्यांतच बसवायचे. अमेरिकेतला वक्ता ‘मला कधीही चालेल’ म्हणाला म्हणून त्याला सकाळी दहाला बसवले, की पुढे पुण्याच्या किंवा बंगळूरच्या वक्त्यासाठी मध्यरात्रच उरते. ‘कधीही चालेल’ म्हणणाऱ्यांना शेवटी दुपारी बसवावे. हे झाल्यावर विषयांकडे वळावे. ऑर्ग मोडवरची दोन व्याख्याने दोन दालनांत एकाच वेळी आली तर तोच श्रोता दोन्हीकडे हवा असतो, म्हणून ती एका दालनात एकापाठोपाठ लावावीत. आणि दोन्ही दालनांची व्याख्याने एकाच मिनिटाला सुरू होऊ देऊ नयेत. एकाची सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवली की तोच तंत्रज्ञ दोन्हीकडे लक्ष देऊ शकतो.

हे सगळे शक्य होते, कारण प्रस्ताव मागवतानाच ईमॅक्सकॉन्फचे आयोजक वक्त्याला विचारतात, ‘त्या दोन दिवसांत तुम्ही कोणत्या वेळेत मोकळे आहात?’ शिवाय प्रश्नोत्तरे समोरासमोर हवीत, लिखित चालतील की नंतर, हेही विचारतात. मिळालेली माहिती ऑर्ग मोडच्या फायलीत व्याख्यानाच्या नोंदीखालीच राहते. एखादे व्याख्यान हलवले की पुढच्या सर्वांच्या वेळा नव्याने काढल्या जातात, आणि कुणी आपल्या सांगितलेल्या वेळेबाहेर गेला तर प्रोग्रॅम तसे दाखवतो. शिवाय दिवसाचे चित्र निघते; लांब व्याख्यानाचा चौकोन लांब, छोट्याचा छोटा, मधली मोकळी जागा कोरी. कुठे दाटी झाली हे त्या चित्रात एका नजरेत कळते. आपल्याकडे हेच काम साध्या एक्सेलमध्येही होईल. प्रत्येक व्याख्यानापुढे तीन रकाने ठेवावेत: वक्ता सर्वांत लवकर केव्हा, सर्वांत उशिरा केव्हा, आणि नेमलेली वेळ. नेमलेली वेळ त्या दोहोंच्या बाहेर गेली की चौकट लाल. मात्र तिन्ही रकाने एकाच घड्याळात हवेत, शक्यतो यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत. ‘वक्त्याच्या गावची वेळ’ आणि ‘आपली वेळ’ एका तक्त्यात मिसळली की चूक सापडत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो उन्हाळी वेळेने, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ठेवण्याच्या तिकडच्या पद्धतीने. टोरांटो-न्यूयॉर्कचे घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येते. सप्टेंबरात आपले अंतर साडेनऊ तासांचे असते, डिसेंबरात साडेदहा. प्रस्ताव उन्हाळ्यात येतात. तेव्हा पुण्यातल्या वक्त्याने ‘टोरांटोचे सकाळचे ९ म्हणजे आपले ६.३०’ असा हिशेब करून होकार दिला, तर परिषदेच्या दिवशी तो तासभर आधी येऊन रिकाम्या खोलीत बसतो. उलट बाजूने, त्याने आपल्या घड्याळाची वेळ दिली आणि आयोजकाने ती साडेनऊ तासांनी बदलली, तर तो नेमक्या वेळेला नसतो. युरोपचे घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, म्हणजे अमेरिकेच्या आठवडाभर आधी. त्या मधल्या आठवड्यात पॅरिस-टोरांटो अंतर सहाऐवजी पाच तासांचे होते. रंगीत तालीम त्या आठवड्यात ठेवू नये. वेळेपुढे आयएसटी, ईएसटी अशी आद्याक्षरेही टाळावीत. आयएसटी भारताची, आयर्लंडची आणि इस्रायलची अशा तिघांची आहे. ‘एशिया/कोलकाता’, ‘अमेरिका/टोरांटो’ अशी क्षेत्राची पूर्ण नावे दिली की संगणक त्या तारखेचे खरे अंतर स्वतः काढतो. ऑर्ग मोडच्या तारखेत क्षेत्र लिहिलेले नसते, हे तो वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे आणि क्षेत्र वेगळे नोंदवावे.

व्याख्याने आधी ध्वनिचित्रित करून मागवण्याची पद्धतही वेळापत्रकाच्याच कामाची आहे. ईमॅक्सकॉन्फमध्ये ती परिषदेच्या साधारण महिनाभर आधी मागवतात. वीस मिनिटे कबूल केलेली फाइल सत्तावीस मिनिटांची आली तर ते महिनाभर आधीच कळते आणि वेळापत्रक शांतपणे हलवता येते. थेट बोलताना चार वक्त्यांनी पाच-पाच मिनिटे जास्त घेतली की जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे गेली, आणि पुढचा युरोपातला वक्ता जागरणात ढकलला गेला. वीज गेली, आवाज चिरकला, पडदा दिसेना, हे प्रश्नही बहुतांशी संपतात. शिवाय मधल्या महिन्यात उपशीर्षके तयार होतात. बोलणे ऐकून लिहून काढणाऱ्या व्हिस्परसारख्या प्रोग्रॅमकडून कच्चा मजकूर काढून स्वयंसेवक तो दुरुस्त करतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी उपशीर्षके लागतातच. आपल्या उच्चारांची सवय नसलेल्या परदेशी श्रोत्यालाही त्यांचा मोठा आधार होतो.

प्रत्यक्ष दिवशी वक्त्याने फक्त प्रश्नोत्तरांना यायचे, पण ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, म्हणजे माइक तपासता येतो. प्रत्येक व्याख्यानाची खोली वेगळी हवी. पंधरा मिनिटे संपली की मुख्य प्रक्षेपण पुढच्या व्याख्यानाकडे जाते, पण आधीची खोली उघडी राहते आणि ज्यांना बोलायचे ते तिथे बोलत राहतात. चांगली चर्चा तोडावी लागत नाही आणि वेळही पाळली जाते. सगळे एकाच खोलीत भरवणाऱ्या आपल्या परिषदांत हे दोन्ही एकदम कधीच साधत नाही. वक्ता आलाच नाही तर प्रश्न सर्वांना लिहिता येईल अशा ऑनलाइन वहीत लिहून घ्यावेत आणि उत्तरे नंतर मागवावीत. ऐनवेळी एखादे व्याख्यान रद्द झाले तर पुढची सगळी आधी ओढू नयेत. लोकांनी आपापल्या देशात वेळा लिहून ठेवलेल्या असतात. मोकळी जागा आधीच्या प्रश्नोत्तरांना द्यावी. प्रत्येक दालनाला सूत्रसंचालक, प्रक्षेपण सांभाळणारा आणि येणाऱ्या वक्त्याला भेटणारा अशी तीन माणसे तरी लागतात. जेवणाची सुट्टी मुख्यतः त्यांच्यासाठी असते. ती कापून व्याख्यान वाढवले की तीन वाजता चुका सुरू होतात.

आपल्याकडे एक विनंती. ऑनलाइन कार्यक्रमाचे निवेदन आले की त्यात देश, वार आणि तारीख स्पष्ट नसल्यास आयोजकांकडून ती मागून घेऊनच छापावे. टोरांटोच्या शनिवारी दुपारी २ ला असलेले व्याख्यान आपल्याकडे रविवारी, मध्यरात्रीनंतर साडेबाराला असते. नुसते ‘शनिवारी दुपारी २’ छापले तर वाचक साडेदहा तास आधी संगणक उघडून बसतो. एक ओळ पुरेल: ‘भारतात रविवारी सकाळी ७ वाजता, न्यू जर्सीत शनिवारी रात्री ८.३० वाजता’, आणि दोन्हींपुढे तारीख.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे