प्रयोगशाळा बांधताना आधी हवेचा नकाशा काढा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, मी ऐरोलीत राहतो. डक्टिंग-पायपिंगच्या, म्हणजे इमारतीत हवा नेणारे मार्ग आणि पाइप बसवण्याच्या, कामांवर सुपरवायझर म्हणून २२ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत फ्यूम हूडची, म्हणजे रसायनांची वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या काचेच्या कपाटाची, तक्रार बघायला गेलो होतो. इमारत नवीकोरी. हूडच्या काचेखाली टिश्यूची बारीक पट्टी धरली. एकच हूड चालू होता तोवर ती आत ओढली गेली. आठही चालू केले, तर पट्टी नुसती लोंबकळत राहिली आणि मध्येच माझ्या तोंडावर आली. तिथली संशोधक मुलगी म्हणाली, "काका, वास आला की आम्ही खिडकी उघडतो." तिच्यासमोर क्लोरोफॉर्मची बाटली होती.

हिशेब सोपा आहे. हूडचं तोंड दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर उघडं, हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी १,३५० घनमीटर हवा बाहेर जाते. आठ हूडची १०,८००. तेवढीच ताजी हवा आत यायला हवी. भिंतीवरचे स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतात. खिडकी उघडली तर वाऱ्याच्या झोताने हूडमधली वाफ उलट बाहेर येते.

ताजी हवा आत आणणाऱ्या यंत्रणेत हीटरही लागतो. आपल्याकडे हीटर कशाला, असं म्हणून टेंडरमधून तो पहिला कापतात. पण पावसाळी हवेतलं पाणी काढायचं तर ती १२-१३ अंशांपर्यंत गार करावी लागते आणि खोलीत सोडण्याआधी थोडी गरम. हीटर नसला की मुलं कुडकुडतात, मग कोणीतरी कूलिंग कमी करतं आणि ओल परत येते. वजनकाट्यावर पावडर ठेवली की ती दमट हवेतलं पाणी ओढते आणि आकडा स्थिर राहत नाही. सिंकखालचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप तर ॲसिडने खाल्लेलाच होता. तिथे पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा पाइप लागतो.

हे सगळं होतं कारण आम्हाला स्लॅब ओतून झाल्यावर बोलावतात. तोवर डक्ट वर न्यायला शाफ्ट, म्हणजे मजल्यांमधून जाणारी उभी मोकळी जागा, उरलेला नसतो. मग एक्झॉस्ट गच्चीच्या वर न्यायचा तो खिडकीतून काढतात आणि वरच्या मजल्यावरची मुलं तोच श्वासात घेतात.

माझी हात जोडून विनंती आहे: विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा नकाशा मंजूर करताना एक्झॉस्ट, ताजी हवा आणि ड्रेनेजची रेखाटनं सोबत मागा. आणि सगळे हूड एकदम चालू ठेवून, दारं-खिडक्या बंद करून, प्रत्येक हूडवर पट्टी आत ओढली जाईपर्यंत कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढू नका.

आपला,
एक डक्टिंग सुपरवायझर, ऐरोली