ब्रेक कधी सोडायचा ते मला गेमने शिकवलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक पत्र आलं होतं, आरे-वारेच्या रस्त्यावर पोरं बाईक झोपवत जातात आणि याला ते रेसिंग गेम जबाबदार आहेत, असे गेम घरात येऊच देऊ नका असं त्या काकांनी लिहिलं होतं. त्यांची काळजी खरी आहे. मी पण त्याच रस्त्याने आठवड्यातून दोनदा तरी गणपतीपुळ्याकडे जातो, एकदा वळणावर समोरून आलेल्या पोराचं हॅन्डल माझ्या आरशाला घासून गेलंय. पण सगळे रेसिंग गेम एकाच माळेचे मणी नसतात एवढं सांगायला हे पत्र लिहितोय. रत्नागिरीत माझं बावीस वर्षं दुचाकीचं गॅरेज आहे आणि गेली चार वर्षं मी हे गेम खेळतोय, म्हणजे दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

आमच्या वेळी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून रोड रॅश खेळायचो, 1991 ला पहिल्यांदा आलेला गेम, चालत्या बाईकवरून शेजारच्याला लाथ घालायची, साखळीने हाणायचं, मागे पोलीस लागलेले, पडलं तर उठून पळत गाडीपाशी जायचं आणि परत सुसाट. मजा होती, खोटं कशाला बोलू. आज मोबाईलवर ट्रकच्या मधून कट मारत जायचे जे गेम पोरं खेळतात ते त्याच जातीचे. त्यात ब्रेक नावाचं बटण असतं पण ते कोणी दाबत नाही, दाबायची गरजच पडत नाही. काकांचं म्हणणं या गेमांबद्दल असेल तर माझी काही हरकत नाही.

दुसरी जात वेगळी आहे. भाच्याने चार वर्षांपूर्वी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घेतला आणि त्यावर मोटोजीपीचा, म्हणजे बाईकच्या जागतिक शर्यतींचा, 2021 चा गेम टाकला. इटलीत मिलानला माईलस्टोन म्हणून कंपनी आहे, ती 2013 पासून सलग हे गेम बनवते, शिवाय राईड नावाचे पण त्यांचेच. मी म्हटलं, मला शिकवायचं काय त्यात, आयुष्य गाड्यांत गेलं. इटलीतलाच मुजेल्लोचा ट्रॅक लावला. तिथे एक किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टा आहे, 2023 ला ब्रॅड बाइंडर या रेसरने खऱ्या शर्यतीत तिथे ताशी 366.1 किलोमीटरचा वेग गाठला होता, आणि त्या पट्ट्याच्या शेवटी एकदम उजवं वळण. पहिल्या दिवशी मी त्या एका वळणावर किती वेळा पडलो त्याची मोजदाद नाही. कधी सरळ ट्रॅकबाहेरच्या खडीत, कधी पुढचं चाक दुमडून, कधी वळणातून बाहेर पडताना मागचं चाक सुटलं आणि एकदम पकडलं की स्वार हवेत. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण मी पडत का होतो तेच कळत नव्हतं.

आता यात नेमकं कठीण काय ते सांगतो, कारण न खेळलेल्या माणसाला वाटतं की नुसती बटणं तर दाबायची. गाडीचा पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही तुम्हीच सांभाळायचे. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं, पुढचे शॉकअप बसतात, मागचं चाक हलकं होतं, तेव्हा मागचा जोरात दाबलात तर शेपूट हलते. मोटोजीपीच्या गाड्यांना कार्बनच्या डिस्क असतात, त्या तापल्याशिवाय धरत नाहीत, हे पण या गेममध्ये आहे, पहिल्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या फेरीला, थंड ब्रेकवर भरवसा ठेवला की गेलात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे टायरकडे पकड असते ठराविक. सरळ असताना ती सगळी पकड ब्रेकला वापरा, पण गाडी झोपवायला लागलात की तीच पकड वळायला पण लागते, म्हणून जितकी गाडी झोपेल तितका ब्रेक हळूहळू सोडत जायचा, एकदम नाही, थोडा थोडा. बोटाच्या दोन मिलीमीटरच्या हालचालीचा खेळ आहे हा. बाहेर पडताना उलटं, गाडी जितकी उभी होईल तितकीच रेस द्यायची.

हे कळायला मला दोन महिने लागले, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला आंबा घाट आठवला.

2003 च्या जुलैत कोल्हापूरहून येत होतो, नवीन दीडशे सीसीची गाडी, पुढे डिस्क, अंगात मस्ती. घाट उतरताना साखरप्याच्या अलीकडे एका डाव्या वळणात समोर एसटी दिसली आणि गाडी झुकलेली असतानाच मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक दुमडलं, गाडी एकीकडे, मी एकीकडे, एसटीवाल्याने वेळेवर थांबवली म्हणून आज हे लिहितोय. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे गॅरेजचं काम बंद. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. तेल नव्हतं. मुजेल्लोला जे पन्नास वेळा केलं तेच मी घाटात एकदा केलं होतं. गॅरेजमध्ये इतक्या लोकांचे ब्रेक पॅड बदलले पण ब्रेक सोडायचा कसा हे मला स्वतःला माहीत नव्हतं, आणि ते एका गेमने दाखवलं. मला याची लाज नाही वाटत, बरं वाटतं.

म्हणून मला या गेमांची ओढ आहे. कारच्या गेमवाल्यांना स्टिअरिंग मिळतं, पेडल मिळतात, आम्हाला अंगठ्याखालची एवढीशी कांडी. खऱ्या गाडीवर तुमचं अख्खं शरीर सांगत असतं, सीटखालून, गुडघ्यातून, पोटातून, की चाक सुटतंय. गेममध्ये ते काही नाही, डोळे आणि कान आणि हातात थोडी थरथर, नव्या कंट्रोलरमध्ये ब्रेकचं बटण बोटाला उलटं ढकलतं तेवढाच आधार. त्यातून गाडी ओळखायची. मग एखादा लॅप असा लागतो की सगळी वळणं एकापाठी एक जुळत जातात, श्वास पण सोडलेला नसतो आपण, आणि वेळ सेकंदाच्या दोन दशांशाने कमी झालेली असते. फक्त दोन दशांश. त्याचा आनंद कोणाला समजावून सांगता येत नाही, घरचे म्हणतात जेवायला कधी येताय.

आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीचे पण गेम आहेत. 1907 पासून चालू असलेली शर्यत, लॅप साठ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास रत्नागिरी ते राजापूर, आणि तो ट्रॅक नाही, रोजचा रस्ता आहे, दगडी कुंपणं, घरं, विजेचे खांब. पीटर हिकमन या रेसरने 2023 ला तिथे सरासरी ताशी 219 किलोमीटरने लॅप मारला. सरासरी! मी गेममध्ये अजून एक लॅप न पडता पूर्ण केलेला नाही. दोनशेच्या वर वळणं पाठ करायची म्हणजे आरतीसंग्रह पाठ करण्यासारखं, लहानपणापासून कानावर पडलं तरच होतं.

एक तक्रार आहे माझी या गेम बनवणाऱ्यांबद्दल. पडलास एवढं दाखवतात, का पडलास ते नीट सांगत नाहीत. नवीन पोरगा चार वेळा पडतो, मग दोन्ही ब्रेक एकत्र करणारी मदत चालू करतो, ट्रॅकवर कुठून जायचं ते दाखवणारी रंगीत रेघ चालू करतो, चूक झाली की मागे जायचं बटण दाबतो, आणि रेघेवरून चालवत राहतो. सुरुवातीला मदत घ्यावी, मी पण घेतली, पण त्या मागे जायच्या बटणावर माझं आणि भाच्याचं अजून भांडण आहे. तो म्हणतो मामा वेळ वाचतो. मी म्हणतो एक वळण चुकलं की त्याची भरपाई पुढच्या तीन वळणांत कशी करायची ते मग शिकणार कधी. आणि सुरुवात मोठ्या गाडीने करू नका, मोटो थ्री या सगळ्यात छोट्या गटातली 250 सीसी घ्या, ती चूक पोटात घालते.

रस्त्याचं म्हणाल तर गेम चांगला खेळणारा पोरगा रस्त्यावर शहाणा होतो असा माझा दावा नाही. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, वळणात गुरं बसलेली नसतात, पावसाळ्यात जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून येत नाही, झाडांच्या सावलीतलं शेवाळ नसतं. पण माझ्या गॅरेजला येणारी जी पोरं आरे-वारेला गाडी झोपवतात त्यातल्या बहुतेकांनी हे गेम कधी खेळलेलेच नाहीत, मी विचारतो मुद्दाम. त्यांना रील बनवायची असते. टायर गोटा झालेले असतात आणि पुढचा ब्रेक लावायला घाबरतात, कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढच्याने गाडी पडते. खऱ्या ट्रॅकवर शिकायचं तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, नाहीतर कोईम्बतूर, नाहीतर ग्रेटर नोएडा. नोएडाला सप्टेंबर 2023 ला मोटोजीपी आली, बेझेक्की नावाचा रेसर जिंकला, 2024 ची रद्द झाली. कोकणातल्या पोराने जायचं कुठे?

माझं गॅरेज रविवारी बंद असतं. आतल्या खोलीत टीव्ही आणि कन्सोल आहे, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. ते पत्र लिहिणाऱ्या काकांना विनंती आहे की त्यांच्या वाडीतली ती पोरं घेऊन यावं, काकांनी पण बसावं. मी मुजेल्लो लावतो, ब्रेकची मदत बंद ठेवतो, पहिलं वळण काकांचं.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, रत्नागिरी