'थांबा, आत्ता लाइन देत नाही' म्हणणाऱ्या ऑपरेटरांचे आभार

33/11 केव्ही (33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर उतरवणाऱ्या) उपकेंद्रांतल्या रात्रपाळीच्या सर्व यंत्रचालकांस,
स.न.वि.वि.

लाइन आली की तुम्हाला कुणी फोन करत नाही, गेली की फोन खाली ठेवायला उसंत नसते. तेव्हा तुम्ही 'थांबा' म्हणता आणि शिव्या खाता. आम्ही शेतीपंप आणि स्टार्टरची कामं करणारे. त्या 'थांबा'मागे काय असतं ते आम्हाला कळतं, म्हणून हे पत्र.

शेती फीडरचंच, म्हणजे शेतीपंपांकडे वीज नेणाऱ्या 11 केव्हीच्या लाइनीचंच घ्या. पाच एचपीचा पंप चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या सहापट. असे 200 पंप 11 केव्हीच्या बाजूला जेमतेम 55 अँपिअर दिसतात. पण स्टार्टरला ऑटोस्विच (लाइन आली की पंप आपोआप चालू करणारे) लावलेले असले की लाइन येताक्षणी सगळे एकदम सुरू होतात आणि करंटचा काटा 300 च्या पुढे जातो. 5 एमव्हीएच्या अख्ख्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) 11 केव्हीकडची क्षमता 262 अँपिअर! व्होल्टेज बसतं, मोटारी वेग घेत नाहीत, करंट उतरत नाही आणि ब्रेकर (जास्त करंट झाला की फीडर तोडणारा स्विच) पुन्हा पडतो. दोष कुणाचा, तर म्हणे उपकेंद्राचा. ऑटोस्विच काढा आणि पंपाला कॅपॅसिटर बसवा, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकणारे थोडेच.

पहिल्या पावसाची रात्र वेगळी. तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार पाणी पडलं की केसाएवढा तडा जातो, त्यात ओल शिरते आणि करंट खांबावाटे जमिनीत उतरतो. पॅनेलवर अर्थ फॉल्टचा, म्हणजे करंट जमिनीत जात असल्याचा, फ्लॅग पडतो, पण तडा खालून बॅटरी मारून दिसत नाही. मग लाइनमनने खांबावरचा एबी स्विच उघडून पुढची लाइन तोडायची, तुम्ही उरलेली चार्ज करून (वीज सोडून) बघायची. टिकली तर दोष पलीकडे. 'एकदा टाकून तर बघा' म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं की उपकेंद्राजवळचा फॉल्ट असेल, तर दर खेपेला रोहित्राच्या वाइंडिंगला हिसका बसतो.

लाइनमनचं परमिट, म्हणजे बंद लाइनीवर काम करायची लेखी परवानगी, तर तुमच्याच हातात. ब्रेकर ऑफ, आयसोलेटर (लाइन डोळ्यांदेखत तोडणारा स्विच) उघडलेला, लाइन जमिनीला जोडून अर्थिंग केलेलं, हँडलवर 'माणसे काम करत आहेत' पाटी. ज्याच्या नावावर परमिट दिलं त्याच्याकडूनच ते परत घ्यायचं. एका फीडरवर दोन टोळ्या असतील तर दोन्ही परमिटं आल्याशिवाय हँडलला हात नाही. सरपंचांचा फोन आला तरी नाही.

ब्रेकर पाडायला डीसी वीज देणाऱ्या बॅटरी सेटची निगाही कुणाच्या नजरेत येत नाही. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर कमी पडलं, टर्मिनलवर पांढरा थर चढला, की ऐन वेळी डीसी मिळत नाही. रिले (फॉल्ट ओळखणारं उपकरण) सांगतो, पण ब्रेकर पडत नाही. मग फॉल्ट तोडायला वीज पुरवणाऱ्या वरच्या उपकेंद्रातला 33 केव्हीचा ब्रेकर पडतो आणि एका फीडरपायी सगळी गावं अंधारात जातात.

एक गोष्ट मात्र तुमच्या पॅनेललाही कधीकधी दिसत नाही. कोरड्या मुरमावर तुटून पडलेल्या तारेतून करंट इतका कमी वाहतो की रिलेला पत्ताच लागत नाही. तार जिवंतच राहते. अशा वेळी गावातून आलेल्या एका फोनवर तुम्ही आधी फीडर हाताने बंद करता, चौकशी नंतर. त्याबद्दल विशेष आभार. फोन करताना फीडरचं नाव आणि जवळच्या डीपीची (खांबावरच्या रोहित्राची) खूण सांगायची, हे आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आहोत.

आपले,
पंप-स्टार्टर दुरुस्तीवाले