ट्रेसिंगमध्ये गळणारे अनुस्वार

महोदय,

२०२२ च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी बंधनकारक केली, हे उत्तम झाले. पण यातल्या कित्येक पाट्या जशा कापल्या जातात, ते पाहून वाईट वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा, ट्रेस मारायचा (म्हणजे चित्रावरून आपोआप रेघा काढून घ्यायच्या) आणि थेट प्लॉटरला, म्हणजे सुरीने कापणाऱ्या मशीनला, पाठवायचा. इंग्रजी अक्षरांत हे बरेचदा खपून जाते, मराठीत खपत नाही.

ट्रेस करताना सॉफ्टवेअर पिक्सेलच्या कडेकडेने अंदाजाने रेघ ओढते आणि ठरावीक आकाराहून लहान ठिपके कचरा समजून टाकून देते. इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा मुळातच २५ पिक्सेल असते. लहान चित्रात अनुस्वार पाच गुणिले पाच पिक्सेलही भरत नाही. तो गळतो आणि ‘नंदा’ची ‘नदा’ होते. मर्यादा अगदी खाली आणावी, तर जेपीजीच्या कडेची धूळही सुरी इमानाने कापते. म्हणून आधी चित्रच मोठे हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून मागवावे. छापील कार्डावरचा ५० मिमीचा लोगो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला, तर सुमारे ११८० पिक्सेल मिळतात. तेवढ्यात काम होते.

दोन-तीन पिक्सेल जाडीची शिरोरेषा ट्रेसमधून लाटेसारखी बाहेर येते. एरवी चार नोडमध्ये (रेघ जिथे वळते त्या बिंदूंत) बसणाऱ्या पट्टीवर पन्नास नोड पडतात. प्रत्येक नोडवर मशीन अडखळते. रेडियमची (पाटीवर चिकटवायच्या रंगीत स्टिकरची) कड करवतीसारखी होते आणि लेझरवर अ‍ॅक्रिलिक त्या जागी जास्त भाजते.

खरे तर मजकूर ट्रेस करूच नये. चिन्ह तेवढे ट्रेस करावे, नाव नव्याने टाइप करावे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत मिळतात. टाइप करून कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांच्या रेघा केल्या, की झाले, असे मात्र नाही. देवनागरीत अक्षर, मात्रा, वेलांटी या वेगवेगळ्या आकृत्या शिरोरेषेवर एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर शब्द एकसंध दिसतो, पण सुरी प्रत्येक आकृतीची पूर्ण कड कापते. मग जादा रेडियम सोलताना वेलांटीजवळचा शिरोरेषेचा तुकडा चिमट्याबरोबर उचलून येतो. यावर उपाय वेल्डचा, म्हणजे सगळ्या आकृत्या जोडून एकच बाहेरची कड करण्याचा, नुसत्या एकत्र बांधणाऱ्या कंबाइनचा नव्हे. कंबाइन केल्यास चढलेल्या जागी भोके पडतात. वेल्डनंतर वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त रेघा दाखवणाऱ्या दृश्यात, पाहावे. शिरोरेषेत आडवी-उभी एकही आतली रेघ दिसता कामा नये.

स्प्रेच्या स्टेन्सिलसाठी प, म, व यांच्या पोटातला भाग गळून पडतो. तिथे दोन-तीन मिमीचे पूल हाताने ठेवावे लागतात, कोणतेही बटण ते करून देत नाही.

आणखी एक गैरसमज फार पसरला आहे. जेपीजी कोरलमध्ये उघडून सीडीआर म्हणून सेव्ह केला, तरी आत चित्रच राहते. पीडीएफचेही तेच. ८०० टक्के मोठे करून कडेला पायऱ्या दिसल्या, तर ती व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेघांची बनलेली) फाइल नव्हे. मापाचीही खात्री करावी. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरच्या ०.९२ च्या आधीच्या आवृत्त्या ९० डीपीआय धरत, नंतर ९६ झाले. जुनी फाइल तशीच उघडली, तर १०० मिमीचे ९३.७५ मिमी होतात. सोबत १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवला, की मशीनवर पट्टी लावून लगेच कळते.

दुकानदारांना विनंती आहे की कापण्याआधी वायरफ्रेमचा स्क्रीनशॉट मागावा, त्यात अनुस्वार आणि रफार मोजून पाहावेत. पैसे देताना पाटीबरोबर वेल्ड केलेली फाइलही मागून घ्यावी. पुढच्या वेळी पाटीचा फोटो पाठवण्याची वेळ येणार नाही.

– रेडियम व अ‍ॅक्रिलिक कटिंग व्यावसायिक, कोल्हापूर