आण्णांच्या माघारी हात देणाऱ्यांना

आमचे आजोबा, कोरेगाव तालुक्यातले आण्णा, नव्वदी ओलांडून गेले. त्यांच्या दुखण्यात आणि नंतरही ज्यांनी हात दिला, त्यांतल्या कित्येकांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या बटालियनचे. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीनं तिथल्या जमालपूरची दक्षिणेकडची वाट अडवली. १० तारखेच्या रात्री वेढा फोडायला आलेल्या शत्रूला थोपवलं आणि जमालपूर पडलं. आण्णा यावर फार बोलत नसत. घेवड्यावर मात्र तासन् तास बोलत. शेवटपर्यंत वाघ्या घेवड्याचं बियाणं स्वतः निवडून, राखेत घोळून ठेवत. किडका दाणा राहिला की आम्हा पोरांचं काही खरं नसे.

रात्री-अपरात्री रक्त द्यायला धावलेली साताऱ्यातली कॉलेजची पोरं, पैसे घ्यायला ठाम नकार देणारे रुग्णवाहिकेचे चालक, पदकं लावून आलेले आणि काठी बाजूला ठेवून सॅल्यूट करणारे माजी सैनिक, कडू घास आणणाऱ्या मायबहिणी, तुम्हा सगळ्यांचे आम्ही ऋणी आहोत.

आणि आम्ही सुतकात असताना आमचा शाळू काढणारे! कणसं खुडून खळ्यावर आलेली, कडब्याच्या पेंढ्या बांधून रचलेल्या. भावकीत विचारलं, कोणी कबूल होईना. तुम्ही जे कोणी असाल, घरी या. आण्णांनी निवडलेल्या घेवड्याच्या बियाण्यात तुमचा वाटा काढून ठेवला आहे.