मुक्या माराची दखल घ्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य

विषय : शालेय स्पर्धांत डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंबाबत शासन निर्णय काढण्याविषयी

महोदय,

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी २७ वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्यांतली बहुतेक वर्षे मुलींच्या कबड्डी संघाबरोबर गेली. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमची कोपरारक्षक पकड करायला झेपावली आणि चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. क्षणभर ती मॅटवर बसून राहिली, मग उठली. रक्त नव्हते, टेंगूळही नव्हते. ‘मुका मार आहे, काही होत नाही’ असे म्हणत मी तिच्या तोंडावर पाणी मारले, ‘खेळशील ना?’ असे विचारले आणि तिने मान हलवताच तिला पुन्हा आत पाठवले. त्यानंतर तिने आणखी दोन पकडी केल्या. परतताना जीपमध्ये तिने मला तीनदा विचारले, ‘सर, आपण जिंकलो का?’ तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या.

सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त झालो, आणि तीच दुसरी चूक ठरली. पुढचे दोन महिने तिचे डोके दुखत राहिले, फळ्याकडे पाहिले की अंधारी येई, वाचलेले ध्यानात राहत नसे; घरी आणि शाळेत मात्र ती अभ्यास चुकवते असाच समज झाला. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, हा शब्द मी त्यानंतर शिकलो. या हादऱ्याने मेंदूचे कामकाज बिघडते, पण रचनेत सहसा डोळ्यांना दिसेल असा बदल होत नाही, म्हणून स्कॅन स्वच्छ येते. बहुसंख्य मुलांची शुद्धही हरपत नाही. ज्या खुणांची आम्ही वाट पाहत बसतो, त्या बहुधा दिसतच नाहीत.

खरा धोका दुसऱ्या माराचा असतो. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना पुन्हा डोके आपटले, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते आणि मूल हाती लागत नाही. उत्तर आयर्लंडमधला १४ वर्षांचा बेन रॉबिन्सन जानेवारी २०११ मध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात मार लागल्यानंतरही खेळत राहिला, शेवटी मैदानातच कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. अमेरिकेतला झॅकरी लिस्टेट २००६ मध्ये १३ वर्षांचा होता. त्यालाही त्याच सामन्यात पुन्हा उतरवले गेले आणि तो कायमचा अपंग झाला. त्याच्या नावाचा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला आणि २०१४ पर्यंत अमेरिकेतील प्रत्येक राज्याने या विषयावर कायदा केला. ब्रिटनने २०२३ मध्ये सर्व हौशी खेळांसाठी एकच मार्गदर्शिका काढली, तिचे सूत्र एवढेच : शंका आली की बाहेर बसवा.

क्रिकेटमुळे हा विषय आपल्याकडेही अनोळखी राहिलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू आदळला. तपासण्यांत तो उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला लक्षणे जाणवू लागली. जगातले उत्तम डॉक्टर शेजारी असताना जे तासाभरात कळले नाही, ते तालुक्याच्या मैदानावर पाण्याची बाटली हातात धरलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला दोन मिनिटांत कसे कळावे? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला, तेव्हा त्याच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम हजर होता. त्याच जिल्ह्यातल्या शालेय कबड्डीपटूलाही असा नियम हवा.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. डोक्याला मार लागल्याची शंका आलेला विद्यार्थी त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, असा शासन निर्णय आपण काढावा आणि त्याला बाहेर काढण्याचा अधिकार पंचांना द्यावा. हा निर्णय प्रशिक्षकावर सोडू नये, कारण त्याला सामना जिंकायचा असतो. पालकांवर सोडू नये. आणि मुलावर तर मुळीच नाही, कारण हादरलेल्या मेंदूलाच ‘तू बरा आहेस का’ असे विचारण्यात अर्थ नाही. कबड्डीत राखीव खेळाडू असतात, त्यामुळे संघ अडत नाही. कुस्तीत मात्र लढत सोडली की पराभव, म्हणून तालमीतली पोरे चक्कर लपवतात.

लपवण्याचे आणखी एक कारण आपल्या विभागाच्या हातात आहे. दहावी-बारावीच्या खेळाडूंना मिळणारे ग्रेस गुण ग्रामीण घरांत फार मोलाचे असतात, आणि त्या गुणांपायी मुले दुखणे गिळतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोक्याच्या मारामुळे बाहेर बसवलेल्या खेळाडूच्या गुणांवर परिणाम होणार नाही, असे एक वाक्य त्या निर्णयात घालावे.

पुनरागमनाचा क्रमही लेखी हवा. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती आणि मोबाइल कमीत कमी, मग चालण्यासारखी हलकी हालचाल, आधी शाळा आणि मग खेळ, आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. वारंवार उलट्या होणे, वाढती डोकेदुखी, झटके, जास्त झोप येणे, एकाचे दोन दिसणे किंवा हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा, हे प्रत्येक मैदानावर मराठीत लावलेले असावे. क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात यासाठी अर्धा दिवस पुरेल.

पावसाळ्यात तालुकास्तरीय स्पर्धांना सुरुवात होते. त्याआधी हा निर्णय शाळांपर्यंत पोहोचावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा