बारा हजारांतले हातात किती?

पुणे, बुधवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

अभिच्या कंपनीत युनियनबरोबर होणाऱ्या पगारवाढीच्या कराराच्या मसुद्याचे फोटो मिळाले. आई, तुझा प्रश्न एकच असणार: बारा हजार वाढ म्हणजे घरात किती येणार? बाबा, तुमच्याकडे मात्र नाशिकच्या सिडकोतली निम्मी पोरं आपापले मसुदे घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रविवारच्या सभेआधी वाचून घ्या.

बारा हजार हा महिन्याचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनी अभिवर करते त्या एकूण खर्चाचा आहे, आणि तीन वर्षांचा मिळून आहे. टप्पे ६०, २०, २० टक्क्यांचे, म्हणजे पहिल्या वर्षी ७,२०० आणि पुढे दोनदा २,४००. त्या ७,२०० मध्ये बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) ३,६००, भत्ते २,२००, कंपनीच्या वाट्याचा पीएफ ४३२, ग्रॅच्युइटीची तरतूद १७३ (बेसिकच्या ४.८१ टक्के) आणि बस, कँटीन, विमा मिळून ७९५. हातात पडतात ते फक्त बेसिक आणि भत्ते, ५,८००. त्यातून अभिचा स्वतःचा पीएफ ४३२ गेला की उरले ५,३६८. घराचा हप्ता या आकड्यावर बसव, पेपरात छापून येईल त्या बारा हजारांवर नको.

टप्प्यांवर पोरं भांडत नाहीत, याचं मला नवल वाटतं. हीच वाढ दरवर्षी सारखी, चार-चार हजारांनी दिली असती तर छत्तीस महिन्यांत २,८८,००० झाले असते. ६०-२०-२० ने ३,४५,६०० होतात. आकडा तोच, फरक ५७,६०० चा. त्यामुळे ‘अजून पाचशे वाढवा’पेक्षा ‘पहिला टप्पा मोठा करा’ ही मागणी कधीकधी जास्त कामाची असते.

आता तुमच्या दोघांच्या कामाचं. अभिचा ग्रॉस (कपातीआधीचा महिन्याचा पगार) सध्या १८,४०० आहे, तो २४,२०० होईल. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, मर्यादा २१,००० ची; ती ईएसआयसाठी धरल्या जाणाऱ्या वेतनावर मोजतात, ते किती होईल हे कंपनीकडून विचारून घ्या. ती ओलांडली की चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत कपात होते, मग नाव निघतं आणि काही महिन्यांनी सवलतही संपते. बाबांची बीपीची औषधं सातपूरच्या ईएसआय दवाखान्यातून येतात ती अवलंबून असलेले आई-वडील म्हणून. त्याऐवजी मसुद्यात ‘कामगार व कुटुंबीयांचा मेडिक्लेम’ एवढंच लिहिलंय. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं. आई-वडील, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून, रक्कम किती आणि हप्ता कोणाच्या खिशातून, या चारही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. हप्ता सीटीसीत धरला असेल तर तो अभिच्याच वाढीतून गेला.

डीएचं कलम बाबा तुम्ही स्वतः वाचा, तिथे जुना घोळ आहे. ‘प्रत्येक अंशाला २ रु. ५० पैसे’ असं आहे, पण महागाईच्या निर्देशांकाची मालिका कोणती ते नाही. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचं पायाभूत वर्ष २०२० साली बदलून २०१६ झालं. अखिल भारतीय आकड्यासाठी जोडगुणक २.८८, म्हणजे नव्या मालिकेचा एक अंश जुन्या २००१ च्या मालिकेतल्या २.८८ अंशांएवढा. जुना अडीच रुपयांचा दर नव्या अंशाला ७ रु. २० पैसे व्हायला हवा. दर तसाच ठेवून मालिका बदलली तर महागाई वाढत राहते आणि डीए मुंगीच्या पावलांनी सरकतो. नाशिक हे त्या निर्देशांकाचं स्वतंत्र केंद्र आहे आणि त्याचा गुणक वेगळा, म्हणून नाशिकचा की अखिल भारतीय, तेही लिहून घ्यायचं.

सगळ्यात जास्त वेळ उत्पादनाच्या कलमाला द्या. आठ तासांची पाळी ४८० मिनिटांची. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, उरली ४३०. अडीच मिनिटांच्या सायकल टाईमने (एका नगाला लागणारा वेळ) १७२ नग. मसुद्यात दहा टक्के वाढ मागितलीय, म्हणजे १८९. कागदावर किरकोळ वाटतं, पण हिशोबाने नगामागे साडेतेरा सेकंद कमी होतात. मशीन आपल्या गतीने फिरणार, टूल तेवढ्याच वेळात कापणार. मग हे सेकंद येतात ते बर (कापलेल्या कडेचे धारदार कण) काढण्यातून आणि गेज लावून माप तपासण्यातून. पाचव्या नगाला लावायचा गेज दहाव्याला लागतो, रिजेक्शन वाढतं आणि मेमो ऑपरेटरला मिळतो. म्हणून टाईम स्टडी (घड्याळ लावून कामाचा वेळ मोजणं) युनियनच्या माणसासमोर व्हावा, आणि टूल बदलणं, वीज जाणं, माल नसणं, मेंटेनन्सची वाट बघणं हा वेळ ४३० मधून वजा करूनच नग मोजावेत, हे करारातच हवं. ‘परस्पर सामंजस्याने’ असं गोड वाक्य तिथे असेल तर ते खोडून आकडे घाला.

सही कुठे होते, यालाही महत्त्व आहे. कंपनी आणि युनियनने आपसात केलेला करार मुळात सह्या करणाऱ्यांपुरता. सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनचे सभासद नसलेल्यांना आणि नंतर भरती होणाऱ्यांनाही. म्हणून सही कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात व्हावी, असा आग्रह धरायला सांगा. मुदत संपली म्हणून करार लगेच रद्द होत नाही. तो संपवण्याची लेखी नोटीस दिल्यावरही साठ दिवस चालू राहतो, त्यामुळे आधीच्या सवलती काढल्या तर ऐकून घ्यायचं नाही. आणि लागू होण्याची तारीख सहीची नाही, जुना करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची हवी. वाढीची थकबाकी मधल्या काळात निवृत्त झालेल्यांनाही मिळावी, ही एक ओळ मसुद्यात नाही.

आई, संपाची काळजी करू नकोस. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप करता येत नाही, समेटाची बोलणी चालू असताना आणि नंतरचे सात दिवसही नाही. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच धरतात, हे मात्र अभिला आवर्जून सांग. पोरांना ती युक्ती वाटते.

एक गोष्ट मला खटकते. त्याच लाईनवर ठेकेदाराची आणि ट्रेनी मुलं आहेत, त्यांचं नाव करारात कुठेच नाही. एकशे एकोणनव्वद नग मात्र त्यांनाही काढावे लागतील. निदान कँटीन, बस आणि सुरक्षेचे बूट तरी त्यांना सारखेच असं कलम मागता येतं, पहिल्यांदा मिळेलच असं नाही.

परिशिष्ट ‘अ’चा फोटो परत पाठवा, बाबा. ग्रेडनुसार वाढीचा शेवटचा रकाना कापला गेलाय, आणि अभिची ग्रेड त्यातच आहे. शनिवारी रात्री नऊनंतर फोन करते.

तुमची,
मनू